त्या आपल्याच

मावशीच्या बायोप्सीची स्लाइड मी पाहू नये, असे घरातल्या सगळ्यांचे मत होते. रिपोर्ट हातात आला होता, त्यातून जे कळायचे ते कळले होते. काचेच्या पट्टीवरचे गुलाबी-जांभळे डाग पाहून मला आणखी काय समजणार होते? पण दुसरे मत घ्यायचे म्हणून ती स्लाइड माझ्या एका जुन्या मैत्रिणीकडे दिलेली होती. ती पॅथॉलॉजिस्ट आहे, आणि तिच्या टेबलावर दोघांना एकाच वेळी पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक आहे. तिने समोरची खुर्ची पुढे केली आणि मी डोळे टेकवले. आधी बराच वेळ स्वतःच्या पापण्याच दिसत राहिल्या, मग हळूहळू चित्र स्थिरावले. मधोमध गाठीच्या पेशी होत्या, मोठ्या, बेढब, एकमेकींना रेटणाऱ्या, फुगलेल्या केंद्रकांच्या. त्यांच्याभोवती गुलाबी तंतूंचा एक रुंद पट्टा होता, आणि त्या पट्ट्यात मोहरी सांडावी तसे गोल, गर्द निळे ठिपके होते, शेकड्यांनी. मला वाटले, रोग तो हाच. "हे निळे म्हणजे कॅन्सर ना?" मी विचारले. "नाही गं," ती डोळे न उचलता म्हणाली, "त्या लिम्फोसाइट, रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्या आपल्याच."

मी पुन्हा पाहिले. गाठीच्या काठापर्यंत त्या आल्या होत्या. काही ठिकाणी एखाद-दुसरी आतही शिरली होती, पण बहुतेक जणी काठाशीच थांबल्या होत्या. संध्याकाळी मावशीने विचारले, काय दिसले. मी जसे दिसले तसे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे आपली माणसं तिथे होती, आणि नुसती उभी होती?"

या प्रश्नाने मला पुढचे कितीतरी महिने सोडले नाही.

त्या दिवसांत भेटायला येणारी माणसे तिला सांगत असत की तू खंबीर आहेस, तू लढशील, तुझी प्रतिकारशक्ती चांगली आहे. ती सगळी प्रेमाने बोलत होती. पण या बोलण्यातून मावशीने स्वतःपुरता एक अर्थ काढला होता, तो असा की आपली प्रतिकारशक्ती कुठेतरी कमी पडली आणि म्हणून हे झाले. आजारी माणूस स्वतःला दोष देण्यासाठी कारण शोधतच असतो, आणि लढाईची भाषा त्याला ते आयते पुरवते. स्लाइड पाहीपर्यंत मीसुद्धा तिच्यासारखाच विचार करत होते. कॅन्सर वाढतो तो पहारा झोपल्यामुळे किंवा पहारेकरी थोडे असल्यामुळे, असेच मला वाटत होते. पण त्या पट्ट्यात पहारेकऱ्यांची वाण नव्हती. मग त्यांना झाले काय होते? हे समजून घ्यायला मी वाचू लागले, मैत्रिणीला प्रश्न विचारून भंडावू लागले, आणि या वाटेवर मला सगळ्यात आधी आठवला तो माझाच फुटलेला गुडघा.

लहानपणी सायकलवरून पडून गुडघा चांगलाच सोलवटला होता. पहिले दोन दिवस तो लाल आणि गरम होता, रात्री ठसठसत होता. मग ओल कमी झाली, वर तपकिरी खपली धरली, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तिच्या कडेने अशी खाज सुटली की हात आवरेना. खाज सुटली म्हणजे जखम भरते आहे, खपली काढू नकोस, असे घरातले सगळे बजावत होते. मी अर्थातच एक कोपरा उचलून पाहिला. आत ओलसर, अतिशय कोवळी गुलाबी कातडी होती आणि तिच्यावर रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके होते. त्या खपलीखाली तेव्हा काय चालले होते हे मला आता माहीत आहे. सुरुवातीला धावून आलेल्या पांढऱ्या पेशींनी जंतू मारले. त्यांच्यामागून मॅक्रोफेज आल्या, म्हणजे भक्षकपेशी, आणि त्यांनी मेलेल्या पेशींचा कचरा गिळला. पण त्यानंतर याच मॅक्रोफेजनी आपले वागणे बदलले. मारण्याचे काम थांबवून त्या बांधकामाला लागल्या. त्यांनी नव्या रक्तवाहिन्यांना बोलावले, तंतू विणणाऱ्या पेशींना जागे केले, आणि आजूबाजूच्या तापलेल्या पेशींना शांत व्हायला सांगितले, कारण कोवळ्या कातडीवर मारामारी चालू राहिली तर ती कधीच धरणार नाही. काम संपले, तसा सगळा जमाव पांगला. गुडघ्यावर आता एक फिकट चट्टा तेवढा उरला आहे.

या भक्षकपेशींचा शोध ज्या प्रसंगातून लागला तोही एका काट्याचा आहे. 1882 मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात झाडाचा काटा खुपसून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तर काट्याभोवती फिरत्या पेशींची दाटी झालेली होती. त्यांना 1908 चे नोबेल मिळाले. तेव्हापासून या पेशींचे चित्र आपल्या मनात रक्षकाचे आहे, आणि ते चूक नाही. पण त्याच्याही आधी, 1863 मध्ये, रुडॉल्फ फिरखो यांनी गाठींमध्ये पांढऱ्या पेशी असतात हे नोंदवून ठेवले होते. पुढे 1986 मध्ये हॅरोल्ड ड्वोरॅक या पॅथॉलॉजिस्टनी एक लेख लिहिला. गाठ म्हणजे कधीच न भरणारी जखम, असे त्यांनी त्याच्या शीर्षकातच म्हटले. ते वाचताना मला खपलीखालचा तो ओलसर गुलाबी रंग आठवला आणि अंगावर काटा आला.

कारण गाठ जे करते ते नेमके हेच आहे. ती मॅक्रोफेजना हाकलत नाही, उलट त्यांना हाका मारून बोलावते. वाढणाऱ्या पेशी ठरावीक प्रथिने सोडत राहतात. त्या ओढीने रक्तातल्या कच्च्या पेशी गाठीत उतरतात आणि तिथे पिकून मॅक्रोफेज होतात. काही प्रकारच्या गाठींमध्ये तर निम्म्यापर्यंत वस्तुमान अशा पेशींचे असू शकते. आत आल्यावर त्यांना जे भेटते ते जखमेसारखेच असते. रक्तवाहिन्या अपुऱ्या असतात, प्राणवायू कमी असतो, आणि सगळीकडे लॅक्टिक आम्ल साचलेले असते. ऑटो वारबुर्ग यांनी 1920 च्या दशकातच दाखवून दिले होते की कॅन्सरच्या पेशी साखर भराभर संपवतात आणि प्राणवायू असतानाही तिचे लॅक्टिक आम्ल करून टाकतात. पुढे कळले ते असे की हे आम्ल नुसता टाकाऊ माल नाही, मॅक्रोफेजच्या दृष्टीने तो एक निरोप आहे. इथे इजा झाली आहे, मारणे थांबवा, उभारणीला लागा, असा तो निरोप. मॅक्रोफेज तो पाळतात. त्या रक्तवाहिन्या बोलावतात, आणि गाठीला रक्त मिळते. त्या तंतू सैल करतात, आणि गाठीला पसरायला जागा होते. जखमेत शेवटी काम संपल्याचे कळते आणि त्या निघून जातात. इथे ते कळण्याची वेळच येत नाही.

उंदरांच्या स्तनातल्या गाठींवर एक निरीक्षण आहे, आणि मी ते विसरू शकत नाही. जिवंत प्राण्यात, सूक्ष्मदर्शकाखाली, शास्त्रज्ञांनी कॅन्सरची पेशी आणि मॅक्रोफेज यांना सोबतीने चालताना पाहिले आहे. कॅन्सरची पेशी एक प्रथिन सोडते, त्याच्या मागे मॅक्रोफेज येते. मॅक्रोफेज दुसरे प्रथिन सोडते, त्याच्या मागे कॅन्सरची पेशी पुढे सरकते. तंतूंच्या दोरीवरून एकीमागे एक, एक ही आणि एक ती, अशी रांग रक्तवाहिनीच्या दिशेने जाते. तिथे पोचल्यावर वाहिनीच्या भिंतीला टेकून बसलेल्या मॅक्रोफेजच्या शेजारूनच कॅन्सरची पेशी आत शिरते. रोग दुसऱ्या अवयवात जाण्याची ही एक वाट. पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या मनात आलेला शब्द फितूर हा होता. आपल्या भाषेत या शब्दाला मोठा इतिहास आहे, म्हणून तो चटकन येतो. पण जितका विचार केला तितका तो चुकीचा वाटू लागला. जो फितूर होतो त्याला ठाऊक असते की तो कोणाच्या बाजूने उभा आहे. इथे बाजू बदललेलीच नाही. पेशीला जी भाषा येते, त्या भाषेत, ओळखीच्या हस्ताक्षरात तिला चिठ्ठी मिळाली आणि तिने इमानाने काम केले. माझा गुडघा ज्यामुळे भरला, तोच हा इमानीपणा. तो वाईट म्हणायला माझी जीभ उचलत नाही, आणि त्याचा राग आल्याशिवायही राहत नाही.

टी-पेशींची, म्हणजे लिम्फोसाइटच्याच एका प्रकाराची, गोष्ट वेगळी आहे. काठावरच्या निळ्या ठिपक्यांत मुख्यतः त्याच असतात. कोणावर चालून जायचे हे त्यांना आपोआप कळत नाही, ते शिकवावे लागते. डेंड्रिटिक पेशी गाठीचे तुकडे उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात आणि टी-पेशींना ओळख पटवून देतात. गाठीत या डेंड्रिटिक पेशी कमी पोचतात किंवा अर्धवट पिकलेल्या राहतात, त्यामुळे शिकवणेच अपुरे पडते. या पेशी 1973 मध्ये जगापुढे आणणारे राल्फ स्टाइनमन यांना पुढे स्वतःलाच स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. त्यांनी आपल्या याच पेशींपासून तयार केलेल्या लशी स्वतःवर घेऊन पाहिल्या. 2011 चे नोबेल जाहीर झाले त्याच्या 3 दिवस आधी ते गेले होते, आणि जाहीर करणाऱ्यांना ते माहीत नव्हते. वाचता वाचता मी इथे थांबले होते. ज्याने त्या पेशींना नाव दिले त्याच्या शरीरातही त्यांना तोच अडसर आला असेल, या विचाराने बराच वेळ पुढचे पान उलटवले नाही.

शिकून आलेल्या टी-पेशीची वाटही सोपी नसते. गाठीभोवतीचे तंतू इतके घट्ट विणलेले असतात की अनेकींना आत शिरताच येत नाही. शिरल्या तर साखर गाठीच्या पेशींनी आधीच संपवलेली असते, आणि उपाशी टी-पेशीला मारक रसायने धड तयार करता येत नाहीत. गाठीचे निरोप रक्तावाटे थेट अस्थिमज्जेपर्यंत जातात. तिथून काही पांढऱ्या पेशी पुऱ्या तयार होण्याआधीच बाहेर पडतात, आणि त्या टी-पेशींना दाबून ठेवतात. शिवाय तिथे नियामक टी-पेशी जमतात, ज्यांचे कामच मुळी इतर टी-पेशींना आवरण्याचे असते. त्या नसत्या तर आपले शरीर स्वतःवरच तुटून पडले असते. शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये त्यांची ओळख पटवली, आणि त्यासाठी 2025 चे नोबेल त्यांना आणि आणखी दोघांना मिळाले. गाठ या आवरणाऱ्या पेशींनाही खास हाक मारून बोलावते.

यातले सगळ्यात जिव्हारी लागलेले मला गर्भाच्या अभ्यासात सापडले. गर्भ अर्धा वडिलांचा असतो, म्हणजे आईच्या टी-पेशींच्या हिशेबी तो परका. तरी त्या त्याला सांभाळून घेतात. 1998 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसले की वारेतले एक विकर ट्रिप्टोफॅन नावाचे अमिनो आम्ल मोडून टाकते, त्यामुळे भोवतीच्या टी-पेशी मंदावतात, आणि ते विकर बंद पाडले की वडिलांकडून परका ठरलेला गर्भ टिकत नाही. कितीतरी गाठी हेच विकर वापरतात. आईने बाळाला सांभाळावे म्हणून शरीराने लाखो वर्षे जपलेली ही सोय गाठ उचलून वापरते. मावशीला तीन मुले. तिच्या पेशींनी हे तीनदा केले होते, दर वेळी नऊ महिने, कोणी न सांगता.

ही गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही.

आणि मग थकवा. टी-पेशी थकते याचा अर्थ तिची ताकद संपते एवढाच मी घेत होते, पण तो तसा नाही. 1990 च्या दशकात, न हटणारा विषाणुसंसर्ग झालेल्या उंदरांमध्ये, असे दिसून आले की तोच शत्रू दिवसेंदिवस, महिनोन्महिने समोर राहिला की टी-पेशी टप्प्याटप्प्याने आपली हत्यारे खाली ठेवतात. त्या मरत नाहीत. तिथेच राहतात, ओळखही विसरत नाहीत, पण हात उचलत नाहीत. त्यांच्या अंगावर पीडी-1 नावाचे प्रथिन भरपूर उमटते, आणि समोरच्या पेशीने पीडी-एल1 हे त्याचे जोडीचे प्रथिन दाखवले की टी-पेशीचा ब्रेक दाबला जातो. ही सोयही शरीराच्या भल्यासाठीच आहे, कारण जी लढाई संपतच नाही ती सर्व जोराने चालू ठेवली तर आसपासचा अवयव जळून जाईल. पीडी-1 हे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत 1992 मध्ये सापडले. सीटीएलए-4 या दुसऱ्या ब्रेकवरून हात काढला तर उंदरांतल्या गाठी मागे हटतात, हे जेम्स ॲलिसन यांनी 1996 मध्ये दाखवले. दोघांना 2018 चे नोबेल मिळाले.

मावशीच्या गाठीवर पीडी-एल1 ची चाचणी झाली तेव्हा मैत्रिणीने मला पुन्हा बोलावले. या वेळी स्लाइडचा रंग वेगळा होता. पार्श्वभूमी फिकट निळी होती, आणि जिथे ते प्रथिन आहे तिथे पेशीच्या कडेला तपकिरी रेघ होती, कोणी बारीक निबाने गिरवल्यासारखी. सगळ्या गाठीत ती सारखी नव्हती. आतल्या बाजूला पेशी कोऱ्या होत्या. काठाकडे, जिथे लिम्फोसाइटची दाटी होती, तिथे मात्र गाठीच्या पेशी एकजात तपकिरी झाल्या होत्या. "इथेच का?" मी विचारले. तिने काचेवरून नजर काढली आणि सावकाश समजावले. टी-पेशी जेव्हा गाठीच्या पेशीला ओळखते आणि चालून जाते, तेव्हा ती इंटरफेरॉन-गॅमा नावाचे रसायन सोडते. त्याचा मारा बसला की गाठीची पेशी बचावासाठी पीडी-एल1 वर आणते. काही गाठींमध्ये हे प्रथिन मुळातच सगळीकडे असते, पण ते असे फक्त लिम्फोसाइटच्या शेजारीच उमटलेले दिसते, तेव्हा बहुधा कारण हेच असते. "म्हणजे," ती म्हणाली, "त्यांनी हल्ला केला होता. तो तपकिरी रंग त्याचीच खूण."

मी त्या रेघांकडे किती वेळ पाहत राहिले ते मला सांगता येणार नाही. ज्या उभ्या राहण्याचा मला आणि मावशीला इतका त्रास झाला होता, ते उभे राहणे हल्ल्यानंतरचे होते. त्या आल्या होत्या, त्यांनी ओळखले होते, त्यांनी मारा केला होता, आणि त्या माऱ्याला उत्तर म्हणूनच समोरून ब्रेक दाबला गेला होता. घरी येऊन मी मावशीला हे सांगितले तेव्हा तिने पदराने चष्मा पुसला आणि मला ते पुन्हा एकदा सांगायला लावले. दुसऱ्यांदा सांगताना तिने मध्येच विचारले, "तपकिरी म्हणजे किती? थोडं की बऱ्यापैकी?" मी म्हटले, काठावर बऱ्यापैकी.

उपचार सुरू झाले ते त्याच ब्रेकवरचे. दर 3 आठवड्यांनी अर्ध्या तासाचे सलाइन, त्यातून जाणारे एक प्रतिपिंड, जे टी-पेशीवरच्या पीडी-1 ला झाकून टाकते. गाठीला ते हातही लावत नाही. मला हे फार विलक्षण वाटत असे. बाटलीतून थेंब थेंब उतरणारे ते औषध कोणाला मारायला जात नव्हते, ते आधीपासून तिथे असलेल्या पेशींना मोकळे करायला जात होते. सगळ्यांना याचा गुण येत नाही, बऱ्याच जणांना येत नाही, आणि आमच्या बाबतीत येईलच असे कोणी सांगितलेले नव्हते. चौथ्या महिन्यात मावशीला सतत थंडी वाजू लागली, ती दिवसभर झोपाळलेली असे, आवाज जड झाला. रक्त तपासले तर थायरॉइड जवळजवळ बंद पडलेले. ब्रेक सुटलेल्या टी-पेशी तिकडेही वळल्या होत्या. त्या ग्रंथीने कोणाचे काही वाकडे केले नव्हते. तेव्हापासून ती रोज पहाटे उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते, आणि ही गोळी बहुधा जन्मभराची आहे. मला त्या दिवशी भीती वाटली आणि त्याच वेळी, हे लिहायलाही संकोच वाटतो, थोडा धीरही आला, कारण त्या जाग्या झाल्या होत्या एवढे तरी नक्की कळले होते.

गेल्या स्कॅनमध्ये गाठ पूर्वीच्या निम्म्याहून लहान दिसली. गेलेली नाही. डॉक्टरांनी तिला स्थिर म्हटले. अशा स्थिरतेबद्दलही मी वाचले आहे. गाठ आणि टी-पेशी कधीकधी वर्षानुवर्षे एकमेकींना धरून राहतात, कोणीही पुढे सरकत नाही. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नोंदीत 16 वर्षांपूर्वी मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या आणि बरी समजल्या गेलेल्या एका व्यक्तीची मूत्रपिंडे मरणोत्तर दोघांना दिली होती, आणि प्रतिकार दाबणारी औषधे घेणाऱ्या त्या रुग्णांमध्ये तोच मेलॅनोमा उगवून आला. म्हणजे इतकी वर्षे त्या पेशी तिथेच होत्या आणि कोणीतरी त्यांना दाबून धरले होते. ही नोंद दिलासा देणारी आहे की धडकी भरवणारी, हे माझे रोज बदलते.

मागच्या आठवड्यात मावशीने स्वतः ती स्लाइड पाहण्याचा हट्ट धरला. मैत्रिणीने दोन्ही काचा काढून ठेवल्या, खुर्ची उंच केली, आणि मावशीने चष्मा काढून डोळे टेकवले. तिलाही आधी पापण्याच दिसल्या. मग ती एकदम स्थिर झाली. गाठीच्या पेशींबद्दल तिने काही विचारले नाही. निळ्या ठिपक्यांच्या पट्ट्यावरून ती हळूहळू काच सरकवायला सांगत राहिली, अजून थोडी, अजून थोडी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तपकिरी रंगाची काच लावली. तिथे ती बराच वेळ थांबली, आणि मान वर न करताच तिने माझा हात शोधून धरला.

पुढचे स्कॅन तीन महिन्यांनी आहे.